बाहेर कुठून?

३ जून, सोमवार, सकाळी साडेदहा. संग्रहालयाची कचेरी, तळमजला. हजर: धुमाळ सर, संग्रहालयाचे प्रमुख; हाशमचाचा, पहारेकरी; भोसगे सर, वरच्या दोन मजल्यांवरच्या कोचिंग क्लासचे मालक; मी, वस्तूंची नोंद ठेवणारी; आणि प्रज्ञा, जिच्यासाठी बैठक होती. विषय: सहा महिन्यांसाठी आलेल्या निवासी कलावंताचं स्वागत. चहा पाच.

ही नोंद माझ्याच अक्षरातली आहे. तीत एक गोष्ट लिहायची राहिली. प्रज्ञा आत आली, तिने सगळ्यांना नमस्कार केला, आणि खुर्चीवर बसण्याआधी खोलीभर नजर फिरवून विचारलं, "बाहेर कुठून?"

नांदेडहून पहाटेच्या गाडीने आलेली बाई. आम्हा सगळ्यांना एकच अर्थ लागला. हाशमचाचा लगबगीने उठले, "आओ बेटा, इधर से," म्हणत तिला बोळातून मोरीकडे घेऊन गेले. ती निमूट गेली, पाहून परत आली आणि म्हणाली, "हे न्हाई. भिंत पडली, आग लागली, तर बाहेर कुठून?"

"आत्ताच तर आत आलात," धुमाळ सर म्हणाले. "आलात तिथून जा!"

भोसगे सर मोठ्याने हसले. प्रज्ञाने खुर्ची उचलली, दाराच्या चौकटीला लावली आणि तिथे बसली. पुढचे सहा महिने ती त्याच जागी बसली. तिथे शिपायाचं स्टूल असायचं. ते आम्ही हलवलं.

प्रज्ञा खेळ तयार करायची. बंगळूरला काही वर्षं तिने मोबाइलवरचे खेळ केले होते. मग ते सोडून पुठ्ठ्याकडे वळली. आमच्या भूकंप दालनासाठी तिने मुलांना खेळता येईल असा एक खेळ करायचा, त्यासाठी संग्रहालयात राहून काम करायचं, अशी योजना होती. धुमाळ सरांची अपेक्षा सुटसुटीत होती: रंगीत असावा, पेटीत मावावा, उद्घाटनाला पाहुण्यांच्या हातात देता यावा.

तिचं सामान मी पहिल्या दिवशी नोंदवून घेतलं, कारण तसा नियम आहे. एक कात्री, एक पोलादी पट्टी, चिंचोक्यांची पिशवी आणि फासे. कागद तिने आणलेच नव्हते. लातुरात कागद विकत कशाला घ्यायचा, असं ती म्हणायची. फाटकातून आत येईपर्यंत क्लासच्या जाहिरातींचे चार-पाच कागद हातात पडायचे. पुढच्या बाजूला गुणवंतांचे फोटो, मागची बाजू कोरी. तिचे सगळे पट त्या कोऱ्या बाजूंवर आखलेले असत. पट उलटा केला की चाळीस-पन्नास पोरं टाय लावून आपल्याकडे बघत असायची.

चहा ती उभ्याने प्यायची. सँडल पायातून काढायची नाही, अगदी धुमाळ सरांच्या घरी सत्यनारायणाला गेलो तेव्हाही उंबऱ्यापाशी थांबून प्रसाद घेतला. धुमाळवहिनींना राग आला. मी म्हटलं, जाऊ द्या, मोठ्या शहराची सवय असेल. तेव्हा मला तेवढंच कळत होतं.

एका बाबतीत तिचं माझं रोज वाजायचं. भूकंप दालनात एक दार आहे, सागवानी, चौकटीसह, ढिगाऱ्यातून काढलेलं. वस्तू क्रमांक एकशे बारा. ते आमच्याकडे आलं तेव्हा त्याची कडी लावलेली होती, म्हणून ती लावलेलीच राहिली पाहिजे. प्रज्ञा रोज सकाळी ती काढायची. मी रोज संध्याकाळी लावायची.

"वस्तू जशी आली तशी ठेवायची असते," मी सांगितलं.

"ताई, कडी लावलेलं दार बघून पोरांना काय वाटंल? दार असंच असतंय."

"नोंदीत 'कडी लावलेली' असं लिहिलंय."

"मग तुम्ही नोंद राखा. मी दार राखते."

तिची नियम सांगण्याची पद्धत मला आवडायची. ती नियम सांगायचीच नाही. पट मांडायचा, चिंचोके द्यायचे आणि गप्प बसायचं. "खेळताना कळला तर तो नियम. सांगावा लागला तर भाषण." धुमाळ सरांनी एकदा विचारलं, या खेळातून मुलांनी बोध काय घ्यायचा? ती म्हणाली, "सर, खेळ म्हंजे हरायची सोय हो. परत मांडता येतंय. खऱ्यात एकदाच हरता येतं."

जुलैत तिने पहिला पट क्लासच्या मुलांपुढे मांडला. मधल्या सुटीत दहा-बारा जण खाली आले. माळवदाचं घर, वर मातीचं जड छत, चार खोल्या, माणसं म्हणजे चिंचोके, बाहेर पडायचं. एका मुलीने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, ह्याला निगेटिव्ह मार्किंग हाय का?"

"हाय," प्रज्ञा म्हणाली. "पण कळंल तवा उशीर झालेला असतो."

पोरं हसली. खेळली मात्र झपाट्याने. त्यांची डोकी धारदार असतात. पाच मिनिटांत त्यांनी सगळ्यात जवळची वाट काढली आणि एकेकटी बाहेर पडली. मग वरची घंटा झाली आणि ती जिन्याने वर पळाली. प्रज्ञा मोजत होती. मला वाटलं, चिंचोके मोजतेय. ती जिना मोजत होती. एका पायरीवर किती मावतात, कुठे अडतात.

ऑगस्टमध्ये तिने माझी आपत्कालीन यादी मागितली. आपत्ती आलीच तर कोणत्या वस्तू आधी बाहेर काढायच्या, याची क्रमवार यादी मी दरवर्षी करते आणि ती कचेरीच्या भिंतीवर लावते. एक्केचाळीस वस्तू. ताम्रपट पहिला, शिल्पं शेवटी, कारण ती उचलली जात नाहीत. मला त्या यादीचा अभिमान होता. प्रज्ञाने ती उभ्या उभ्या दोनदा वाचली.

"ह्यात माणसं कुठं हायत?"

"माणसं चालत जातात, बाई. ताम्रपटाला पाय नाहीत."

"कुठून जातात?"

मी कपाटातून दुसरा कागद काढला. दरवर्षी इमारतीचा सुरक्षा तक्ता भरून पाठवावा लागतो. त्यात रकाना आहे: संकटकालीन मार्ग, आहे किंवा नाही. त्यापुढे 'आहे'वर खूण, खाली माझी सही. अकरा वर्षांचे अकरा तक्ते, एकाला एक लावून ठेवलेले.

"मागचा लोखंडी जिना," मी म्हटलं. "वरून थेट मागच्या गल्लीत."

"चला, बघू."

जिन्याच्या तळाशी चॅनल गेट. गेटला कुलूप. कुलपाची किल्ली क्लासकडे. गेटच्या आत, पायऱ्यांवर, जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे कमरेपर्यंत रचलेले. प्रज्ञाने गेट धरून हलवलं. गंजाचा भुगा तिच्या मनगटावर पडला.

"पण आहे ना," मी म्हणाले. मला स्वतःलाच तो आवाज विचित्र वाटला.

ती तिथेच, गल्लीकडे तोंड करून, सांगायला लागली. तिचं घर सात माणसांचं, औशाच्या पलीकडच्या एका गावात. ती सहा वर्षांची. "आमच्या घराला मागचं दार होतं. चांगलं रुंद, बैल जाईल असं. उडदाची रास नुकतीच घरात आली होती. जागा न्हवती. आबा म्हनले, मागच्या दाराला कोण येतंय, लावा पोती दाराला. मी आईपाशी झोपलेले, समोरच्या उंबऱ्याजवळ. आई मला घेऊन निघाली. बाकीचे पाच मागच्या खोलीत. दार होतं त्यांना."

मग ती माझ्याकडे वळली. "ताई, 'आहे' आणि 'उघडतं' ह्याच्या मधी माझं घर गेलं. तुमच्या तक्त्यात एकच रकाना हाय."

मी त्याच दिवशी भोसगे सरांना पत्र लिहिलं. प्रत धुमाळ सरांना. पत्राची पोच मिळाली.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी जमिनीतून आवाज आला. आमच्याकडे तो अधूनमधून येतो. मोठा दगड लांबून गडगडत गेल्यासारखा, मग काचा थरथरतात आणि संपतं. लातूरकरांना त्याची सवय आहे. सवय म्हणजे एवढंच, की सगळे क्षणभर बोलायचे थांबतात आणि मग तेच वाक्य पुढे चालू करतात. त्या दिवशी मी रजिस्टरवरून मान वर केली तेव्हा प्रज्ञाची खुर्ची रिकामी होती. ती रस्त्याच्या पलीकडे उभी होती, हातात चहाचा कप, एक थेंबही न सांडलेला. हाशमचाचा तिच्या मागोमाग फाटकापर्यंत पोचले होते. धुमाळ सर टेबलाला धरून उभे होते.

आणि वर काहीच नव्हतं. चारशे पोरांच्या पायांचा आवाज यायला हवा होता. एक बाकसुद्धा सरकला नाही.

प्रज्ञा वर बघत होती. तिने रस्त्यावरूनच ओरडून विचारलं, "वर कुनी हाय की न्हाई?"

"आज टेस्ट है," चाचा म्हणाले.

वर माझी भाची होती. अंजू, देवणीहून माझ्याकडे शिकायला आलेली, बारावीला. संध्याकाळी मी तिला विचारलं, आवाज ऐकलास का? ती भाकरी मोडत म्हणाली, "हाव मावशी. सगळ्यांनीच ऐकला."

"मग उठली का नाहीस?"

"उठलं की पेपर जातो ना."

एवढं बोलून तिने ताटावर मान खाली घातली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रज्ञाने माळवदाचं घर गुंडाळून ठेवलं आणि नवा पट आखला. आमचीच इमारत. खाली संग्रहालय, वर दोन मजले, पुढचा जिना, मागचा जिना, गेट. चाळीस चिंचोके, दहा मुलांना एक. फाशांच्या दहा फेऱ्यांनंतर छत खाली येणार. आठवडाभराने तिने भोसगे सरांना खेळायला बोलावलं. आम्ही पाचही जण होतो, पहिल्या बैठकीतलेच.

भोसगे सर हौशी माणूस. बाह्या सरसावून बसले. पहिल्या डावात तेवीस चिंचोके वर राहिले. "फासे खराब पडले," ते म्हणाले. दुसऱ्या डावात बावीस. तिसऱ्यात ते हसले नाहीत. एकेक चिंचोका ते जिन्यावर असा सरकवत होते, जणू त्याला नाव आहे. पुन्हा तेवीस.

"मॅडम, ते गेटचं कुलूप काढा की पटावरून," ते म्हणाले.

"तुम्ही खरं काढा, मी चित्रातलं काढते."

"तुम्हाला काय जातंय बोलायला?" ते एकदम चढ्या आवाजात बोलले. "दोन सालांखाली एक पोरगं त्याच जिन्यानं गेलं. टेस्टमधी मार्क कमी पडले म्हनून. दोन दिवस पत्ता न्हाई. तिसऱ्या दिवशी इस्लापूरकडं, सहस्रकुंडाच्या धबधब्यापाशी दगडावर बसलेलं सापडलं. जिवंत होतं, देवाची कृपा. त्याच्या बापानं माझी कॉलर धरली, म्हनला, माझं लेकरू तुमच्या दारातून गेलंच कसं? मी कुलूप हौसेनं लावलं का?"

प्रज्ञा त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "सर, तुम्ही पोरगं आत राहावं म्हनून लावलं. आबांनीबी उडीद आत राहावा म्हनूनच पोती लावली होती."

भोसगे सर दुष्ट नव्हते, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. चार दिवसांत त्यांनी पायऱ्यांवरचे गठ्ठे हलवले आणि गेटशेजारी भिंतीवर काचेची पेटी बसवली. आत किल्ली, बाहेर पाटी: संकटकाळी काच फोडा. धुमाळ सरांनी फोटो काढले. मी माझ्या रोजच्या कामांच्या यादीत खूण केली. प्रज्ञा म्हणाली, "चाचा, लावून बघा."

पेटीला खालून छोटं दार होतं. हाशमचाचांनी किल्ली काढली, कुलपात घातली, फिरवली. पुन्हा फिरवली.

"नै लगती, बेटा. कुलूप बदल गया. ये पुराने की किल्ली है."

नव्या कुलपाची किल्ली क्लासच्या मॅनेजरकडे होती आणि तो लग्नाला गेला होता. आल्यावर बदलतो, असं ठरलं. चाचांनी किल्ली पुन्हा पेटीत टांगली, कारण पेटी रिकामी बरी दिसत नव्हती.

नोव्हेंबरच्या एका रविवारी क्लास बंद असताना प्रज्ञा पटासाठी मापं घ्यायला वर गेली. अर्ध्या तासाने खाली येऊन म्हणाली, "ताई, जरा वर या."

दुसऱ्या मजल्यावरचा मोठा हॉल. बाकांच्या रांगा भिंतीपासून भिंतीपर्यंत. मागच्या जिन्याकडे जाणारं दार कोपऱ्यात होतं आणि त्याला पाठ लावून एक बाक ठेवलेला होता. बाकीचे बाक तपकिरी, हा हिरवा. नंतर आणलेला. दार आतल्या बाजूला उघडणारं. बाक असेपर्यंत ते इंचभरही हलणार नव्हतं.

प्रज्ञाने विचारलं, "हा बाक कुनाचा?"

बाकावर निळ्या पेनाने नाव कोरलं होतं. अंजू. खाली 'देवणी'.

जूनमध्ये बॅच भरली होती. मी भोसगे सरांना शब्द टाकला. ते म्हणाले, "मॅडम, तुमची भाची म्हंजे घरची. एक बाक वाढवू." तो कुठे वाढवला, हे मी विचारलं नाही. मी एक्केचाळीस वस्तूंच्या जागा लिहून ठेवणारी बाई.

"माझा," मी म्हणाले.

ती मला रागावली नाही. तिने पोलादी पट्टीने बाकाची लांबी मोजली, लिहून घेतली आणि खाली गेली. दुसऱ्या दिवशी पटावर, वरच्या कोपऱ्यात, एक लहानसा हिरवा चौकोन होता.

डिसेंबरात उद्घाटन ठरलं. धुमाळ सरांनी पट पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "प्रज्ञाताई, पाहुणे येणार. आपलीच इमारत? आणि कुलूप? निदान मागचं गेट तरी उघडं दाखवा."

"उघडं असंल तर दाखवते."

"खेळच तर आहे हा."

"म्हनूनच खोटं न्हाई दाखवता येत, सर. खोटा पट खेळून पोरं खऱ्यात त्याच वाटेनं जातील."

सरांनी उद्घाटन पुढे ढकललं. पुढची तारीख दिली नाही. क्लासच्या भाड्यावर आमचं संग्रहालय चालतं, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून त्यावर कुणी बोललं नाही.

शेवटच्या दिवशी तिने पेटी माझ्या टेबलावर ठेवली. उत्तम काम होतं. पट, फासे, चिंचोके, प्रत्येकाला आपापली खोबण. मधोमध एक खोबण रिकामी, किल्लीच्या आकाराची.

"ही कशाची?"

"गेटच्या कुलपाची. खऱ्या. ज्या दिवशी वरचा बाक हलंल आणि कुलूप निघंल, त्या दिवशी किल्ली हितं ठेवा. मग खेळ पूर्ण. तवर तुमच्या रजिस्टरात 'अपूर्ण' लिवा."

मी लिहिलं. वस्तू क्रमांक, वर्णन, माप, स्थिती: अपूर्ण. तिने सही केली. मग दालनात जाऊन एकशे बारा नंबरच्या दाराची कडी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या संध्याकाळी मी ती लावली नाही.

स्टँडवर तिला सोडायला मी गेले. नांदेडची गाडी लागलेली होती. तिची आई तिथे मावशीकडे राहते. प्रज्ञा मागून दुसऱ्या खिडकीपाशी बसली, जिच्यावर तांबड्या अक्षरात संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग असं लिहिलेलं असतं. पिशवी मांडीवर घेतली आणि पहिलं काम म्हणून खिडकीचा दांडा दोन्ही हातांनी ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला.

कंडक्टर ओरडला, "ओ ताई, काय करून राहिलात? ती उघडायची नसती. नुसती असायची असती!"

गाडीतले लोक हसले. गाडी सुरू झाली. वळण घेताना मला दिसलं, ती अजून उभी होती, एक पाय समोरच्या सीटला लावून, दांडा ओढत. तो उघडला की नाही ते दिसलं नाही.

याला दोन महिने झाले. मॅनेजर लग्नाहून केव्हाच परत आला. किल्ली आज देतो, उद्या देतो, असं चाललंय. मी तिसरं पत्र लिहिलं. विषय विचाराधीन आहे, असं उत्तर आलं. बाकाचं मात्र पत्र लिहायची गरज नाही. तो मी स्वतः जाऊन हलवू शकते. हलवला तर हॉलमध्ये तो ठेवायला दुसरी जागा नाही आणि अंजूची मेडिकलची प्रवेश परीक्षा मे महिन्यात आहे. भोसगे सर म्हणाले, "तेवढे तीन महिने जाऊ द्या की मॅडम." मी बरं म्हणाले. बरं म्हणताना मला उडदाची पोती दिसली, तरी म्हणाले.

सुरक्षा तक्ता पुन्हा आला आहे. त्यात 'आहे' आणि 'नाही' यांच्या शेजारी मी हाताने तिसरा रकाना आखला: 'उघडतो का'. तो कोरा आहे. तक्ता पाठवायचा राहिला आहे.

आज सोमवार. अकरा वाजता टेस्ट. अंजू डबा घेऊन वर गेली. आजच्या यादीतली सात कामं झाली, त्यांच्यापुढे खुणा आहेत. पहिल्या ओळीत एकच शब्द आहे, बाक. तो रोज मी कालच्या यादीतून आजच्या यादीत उतरवते.